कोंकणचे बेने इस्राएल व त्यांची मत्स्यपरीक्षा

देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें तेराव्या शतकांत रचलेल्या चतुर्वर्गचिंतामणींत श्राद्धान्नाचे विधिनिषेध विस्तारानें आले आहेत. देवगिरी आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत मोडते. त्या बाजूच्या पोथीसंग्राहकांस भक्ष्याभक्ष्यविचार म्हटला कीं प्रथम ग्रंथच आठवावा, हें साहजिक आहे. परंतु ग्रंथ हातीं नसतां असा नियम पिढ्यानुपिढ्या टिकतो काय? या प्रश्नाचें उत्तर कोंकणांतील बेने इस्राएल समाजाच्या इतिहासांत शोधावें लागतें.

हे मराठीभाषी यहुदी लोक. अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर तारूं फुटून सात जोडपीं वांचलीं व त्यांचा हा वंश, अशी त्यांची परंपरा आहे. तेल गाळण्याचा धंदा व शनिवारीं घाणा बंद, म्हणून त्यांस ‘शनवार तेली’ हें नांव पडलें. बायबलांतील लेवीय पुस्तकाच्या ११ व्या व अनुवादाच्या १४ व्या अध्यायाप्रमाणें खूर दुभंगलेला असून रवंथ करणारा पशु शुद्ध. यामुळें शेळी-मेंढी चालते, डुक्कर व उंट चालत नाहींत. जलचरांपैकीं पंख व खवले दोन्हीं असणारेच ग्राह्य. म्हणजे रावस चालतो. शिंगाळा, कोळंबी, खेकडा चालत नाहींत.

हाईम सॅम्युएल केहिमकर यांनीं १८९७ त लिहिलेला व १९३७ त तेल अवीव येथें छापलेला इतिहास प्रसिद्ध आहे. त्यांतील कथा अशी कीं, दाविद रहाबी नांवाचा यहुदी कोंकणांत आला. या लोकांची परीक्षा पाहावी म्हणून त्यानें बायकांजवळ सरमिसळ मासे रांधावयास दिले. त्यांनीं खवले नसलेले मासे वेगळे काढले व हे आम्ही खात नाहीं असें सांगितलें. रहाबीची खात्री पटली. पुढें त्यानें तिघांस शिकवून काझी केलें.

या कथेवर दोन आक्षेप येतात. रहाबीचा काळ कोणी सुमारें इसवी सन १००० धरतात, तर कोणी त्यास अठराव्या शतकांतील कोचीनच्या रहाबी घराण्यांतील मानतात. दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांतही खवले असलेले मासे भक्ष्य म्हटले आहेत. मग हा नियम शेजारच्या हिंदूंकडून आला नसेल कशावरून?

आमचें उत्तर असें. मनुस्मृति पाठीन माशासही मुभा देते, व हा मासा बहुधा बिनखवल्याचा समजला जातो. शिवाय कोंकणचे कोळी-आगरी कोळंबी व खेकडे आवडीनें खातात. तेव्हां हा निषेध शेजाऱ्यांच्या चालीविरुद्ध आहे. उलट, बायबलास गाय-बैलाचें मांस मान्य असतां बेने इस्राएलांनीं तें जुन्या काळीं वर्ज्य केलें, ही मात्र उघड शेजाराची छाया. यावरून कसोटी ठरते: शेजाऱ्यांशीं जुळणाऱ्या चालीस प्रमाणमूल्य थोडें, विरुद्ध जाणारीस अधिक. मटणाच्या रश्शांत दुधाऐवजीं नारळाचा रस घालण्याची रीत मांस व दूध एकत्र न करण्याच्या नियमास पोषक खरी. पण नारळ कोंकणांत घरोघर असल्यामुळें ती एकटी पुरावा होत नाहीं.

कोचीनच्या यहेज्केल रहाबीनें १७६८ त हॉलंडांतील एका व्यापाऱ्यास लिहिलेल्या पत्रांत या लोकांजवळ शब्बाथ व ‘शमा’ ही प्रार्थना एवढेंच उरल्याचें म्हटलें आहे. मुंबईंत त्यांचें पहिलें सभास्थान १७९६ त झालें. म्हणजे त्याआधीं नियम राखला तो चुलीपाशीं, बायकांच्या हातीं.

१९४८ नंतर या समाजांतील बहुतेक कुटुंबें इस्राएलांत गेलीं. संग्राहकांस आमची विनंती इतकीच कीं, जुन्या घरांतून दप्तरें मिळवितांना स्वयंपाकाच्या वह्या रद्दी समजून टाकूं नयेत, व वृद्ध स्त्रियांस कोणता मासा घरांत येत नसे हें अवश्य विचारावें. पोथी पुढेंमागें सांपडेल. ही आठवण एकदां गेली कीं गेली.