नाव गावाचे, आधार गाईचा

वाळूज औद्योगिक वसाहतीच्या आश्रयाने वाढलेल्या बजाजनगरात मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेली असंख्य कुटुंबे राहतात. गावच्या गोठ्यातील देवणी वा लाल कंधारी गाय त्यांच्या आठवणीत आहे; दारात मात्र पिशवीतले दूध येते आणि ते कोणत्या गाईचे, हे कोणी विचारीत नाही. ट्रॅक्टरने बैलाचे काम हिरावले, संकरित गाईने दुधाच्या मापात देवणीला मागे टाकले. अशा स्थितीत केवळ भूतदयेपोटी शेतकऱ्याने ती पोसावी, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

फ्रान्समधील आल्प्सच्या डोंगरी शेतकऱ्यांनी यावर मार्ग काढला. तेथील बोफोर नावाच्या चीजला १९६८ साली प्रदेशनामाचे संरक्षण मिळाले. ते तारीन व आबोंदांस या स्थानिक गाईंच्याच दुधापासून करावे, असा नियम आहे. त्यामुळे चीजला मिळणाऱ्या चढ्या भावाचा लाभ त्या गाईंच्या गोठ्यापर्यंत पोहोचतो.

आपल्याकडे भौगोलिक मानांकनाचा कायदा २००३ पासून अमलात आहे. मराठवाड्याच्या केशर आंब्याला २०१६ मध्ये त्याचे कवच लाभले. पुढे कुंथलगिरीच्या खव्यालाही लाभले. परंतु गावाचे नाव राखल्याने गाय आपोआप राखली जात नाही. दुग्धपदार्थाच्या नियमांतच तिची जात नमूद व्हावी आणि बजाजनगरच्या ग्राहकाने त्यासाठी दोन पैसे अधिक मोजावेत. असे झाले, तरच देवणी केवळ प्रदर्शनात नव्हे, तर गोठ्यातही टिकेल.