उजेडाची मात्रा

शिकागोच्या वायव्येस शॉमबर्ग नावाचे एक उपनगर आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मन शेतकऱ्यांनी मायदेशातील आपल्या मुलखाचे नाव देऊन ते वसविले, १९५६ साली त्याची रीतसर नोंद झाली, आणि आज तेथे काचेच्या इमारतींची रांग उभी असली तरी सरकारी दप्तरात ते अजून ‘व्हिलेज’, म्हणजे गावच आहे. १९७१ मध्ये तेथे वुडफील्ड मॉल उघडला, १९७६ मध्ये मोटोरोला कंपनीने आपले मुख्य ठाणे तेथे हलविले, आणि नोकरीच्या निमित्ताने जगभरातून आलेल्या अभियंत्यांबरोबर पुण्या-मुंबईची, नागपूर-कोल्हापूरची मराठी कुटुंबेही त्या परिसरात बिऱ्हाडे थाटून स्थिरावली. त्यांनी गणपती नेले, भाजणीचे डबे नेले, मुलांना बाराखडी शिकविण्याची सोय केली; नेता आला नाही तो फक्त सूर्य.

मुंबई सुमारे १९ अक्षांशांवर, शॉमबर्ग ४२ अक्षांशांवर. मुंबईचा वर्षातला सर्वांत लहान दिवसही ११ तासांच्या आसपास भरतो. शॉमबर्गचा जेमतेम ९ तासांपर्यंत आक्रसतो, आणि त्या ९ तासांतही आभाळ बहुधा राखेच्या रंगाचे असते. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तेथे सूर्य दुपारी ४ वाजून २० मिनिटांच्या सुमारास मावळतो, आणि हा लवकरचा काळोखच लोकांच्या डोळ्यांत भरतो, गप्पांत येतो, मायदेशी फोनवरून सांगितला जातो. पण हिवाळ्यातली सर्वांत उशिराची सकाळ त्यानंतर, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात येते. तेव्हा सव्वासात उलटून गेल्याखेरीज सूर्य वर येत नाही. नवल असे की, मनाच्या दृष्टीने अधिक घातक आहे ती ही उशिराची सकाळ, आणि तिच्याविषयी मात्र कोणी तक्रार करीत नाही.

तक्रार होते ती थंडीची. “ही थंडी मला मानवत नाही,” असे म्हणणारी गृहिणी किंवा गृहस्थ काय सांगत असतो ते जरा लक्षपूर्वक ऐकावे. झोप नऊ-दहा तास होते तरी अंग जड राहते, भात, बटाटा आणि गोड यांची अनावर ओढ लागते, वजन वाढते, ज्या भिशीत, भजनात, क्रिकेटच्या गप्पांत एरवी जीव रमतो तेथे जाणे ओझे वाटते, कामात चित्त लागत नाही, आणि एप्रिलमध्ये हे सारे आपोआप ओसरून पुढल्या नोव्हेंबरात पुन्हा हजर होते. नेहमीच्या विषादात झोप आणि भूक बहुधा उडते. येथे दोन्ही वाढतात. वर्षानुवर्षे ठरावीक ऋतूत येणाऱ्या आणि ठरावीक ऋतूत जाणाऱ्या या विकाराला ऋतुजन्य विषाद म्हणतात. त्याचे खापर थंडीवर फोडून घरातला हीटर कितीही वाढविला तरी तो हटत नाही, कारण त्याचे मूळ तापमानात नसून प्रकाशात आहे.

हे मूळ शोधून काढणारा मनुष्यही परदेशातून आलेलाच होता. नॉर्मन रोझेंथाल हा जोहान्सबर्गच्या उन्हात वाढलेला डॉक्टर १९७६ साली न्यूयॉर्कला आला आणि तेथल्या पहिल्याच हिवाळ्यात आपला उत्साह कोठे गेला याचे त्याला आश्चर्य वाटले. पुढे तो बेथेस्डा येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत दाखल झाला. तेथे अल्फ्रेड ल्यूई यांनी १९८० मध्ये दाखवून दिले होते की, रात्री मेंदूतल्या पीनियल ग्रंथीतून पाझरणारे मेलॅटोनिन हे द्रव्य माणसातही प्रखर प्रकाशाने थांबविता येते, मात्र त्यासाठी खोलीतल्या दिव्याचे ५०० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) पुरत नाहीत, २,५०० लक्स लागतात. स्वतःच्या मनाच्या चढउतारांची टिपणे वर्षानुवर्षे ठेवणारा हर्बर्ट कर्न नावाचा एक अभियंता आपण होऊन या मंडळींकडे आला. त्यांनी त्याला हिवाळ्यात रोज सकाळी तीन तास आणि संध्याकाळी तीन तास प्रखर दिव्यांपुढे बसविले, आणि थोड्याच दिवसांत त्याचे मन वर आले. एका माणसावरून सिद्धांत होत नाही, हे त्यांना कळत होते. म्हणून १९८४ मध्ये २९ रुग्णांचा अभ्यास करून रोझेंथाल आणि त्यांचे सहकारी यांनी या विकाराचे पहिले पद्धतशीर वर्णन प्रसिद्ध केले.

डोळ्यांवाटे गेलेला उजेड मनापर्यंत पोहोचतो कसा, याचे उत्तर बऱ्याच उशिरा हाती आले. दृष्टिपटलात पाहण्याचे काम करणाऱ्या पेशींखेरीज थोड्याशा वेगळ्या पेशी आहेत. त्यांच्यात मेलॅनोप्सिन नावाचे रंजकद्रव्य असते, आणि निळसर प्रकाश त्यांना विशेष जाणवतो. २००२ मध्ये संशोधक डेव्हिड बर्सन यांनी सिद्ध केले की, या पेशी चित्र पाहत नाहीत, केवळ उजेड किती आहे याची वर्दी देतात, आणि ती वर्दी मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागातील सुमारे २०,००० चेतापेशींच्या पुंजक्याकडे, म्हणजे शरीराच्या मुख्य घड्याळाकडे, जाते. हे घड्याळ बरोबर २४ तासांचे नसते. ते रोज सकाळच्या उजेडाने लावून घ्यावे लागते. संशोधक थॉमस वेर यांना २००१ मध्ये आढळले की, ऋतुजन्य विषादाच्या रुग्णांत मेलॅटोनिनची रात्र हिवाळ्यात लांबते, निरोगी माणसांत तशी लांबत नाही. म्हणजे हिवाळ्यात निजणाऱ्या प्राण्यांची काही जुनी सवय या माणसांच्या देहात शिल्लक असावी. आणि कार्यालयाची वेळ मात्र ऋतू पाहून बदलत नाही.

आता इलाजाकडे वळू. दिव्यापुढे बसून बरे वाटले, हे खरे. पण ते दिव्याने वाटले की दिव्यावरच्या भरवशाने, याची खातरजमा व्हायला नको काय? गोळीच्या बाबतीत साखरेची खोटी गोळी देता येते. खोटा उजेड कोठून आणावा? ही अडचण शॉमबर्गहून तासाभराच्या अंतरावर, शिकागोच्या रश वैद्यकीय केंद्रात, चार्मेन ईस्टमन यांनी मोठ्या चातुर्याने सोडविली. त्यांनी ९६ रुग्णांचे तीन गट केले. एकाला सकाळी दीड तास सुमारे ६,००० लक्सच्या दिव्यापुढे बसविले, दुसऱ्याला संध्याकाळी, आणि तिसऱ्याला सकाळी दीड तास ऋण विद्युत्कण सोडणाऱ्या एका यंत्रापुढे. ते यंत्र आतून निकामी केलेले होते, हे रुग्णांना ठाऊक नव्हते. निकाल १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. चार आठवड्यांनी सकाळच्या उजेडाच्या गटात ६१ टक्के रुग्ण जवळजवळ पूर्ण बरे झालेले होते, संध्याकाळच्या गटात ५० टक्के आणि निकामी यंत्राच्या गटात ३२ टक्के. उजेड जिंकला, पण निकामी यंत्रापुढे नुसते बसूनही तिघांतला एक सुधारतो, ही गोष्ट मला त्या विजयाइतकीच विचार करायला लावणारी वाटते. शिवाय दोन्हींतला फरक स्पष्ट व्हायला तीन आठवडे लागले. म्हणून चार दिवस दिवा लावून “आम्हाला काही गुण आला नाही” म्हणत तो तळघरात टाकणाऱ्यांचे मत ग्राह्य धरता येत नाही.

आजचा शिरस्ता १०,००० लक्सचा दिवा आणि अर्धा तास असा आहे. दिवा स्वयंपाकघराच्या टेबलावर, डोळ्यांपासून साधारण दीड-दोन फुटांवर, किंचित वर आणि कलता ठेवतात. त्याच्याकडे टक लावून पाहायचे नसते, त्याच्या उजेडात चहा घ्यायचा, वर्तमानपत्र चाळायचे. अतिनील किरण गाळलेले असावेत, आणि वेळ उठल्याबरोबरची असावी. मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे सारतात, आणि सव्वासहापर्यंत मागे आलेला सूर्योदय एका रात्रीत पुन्हा सव्वासातला जातो. वसंत आला असे समजून त्याच सुमारास दिवा बंद करणे म्हणूनच घाईचे ठरते.

शंका घेणारेही आहेत, आणि ते असावेत. अमेरिकेतल्या ३४,२९४ लोकांच्या उत्तरांची छाननी करून २०१६ मध्ये काही संशोधकांनी निर्णय दिला की, विषादाचा ऋतूशी किंवा अक्षांशाशी संबंध दिसत नाही. त्यापूर्वीच्या एका पाहणीत मात्र हा विकार फ्लॉरिडातील सॅरासोटा येथे १.४ टक्के आणि न्यू हॅम्पशायरमधील नॅशुआ येथे ९.७ टक्के लोकांत आढळला होता. माझ्या मते सर्वसाधारण जनतेचा विषाद हिवाळ्यात वाढत नाही, इतकेच त्या मोठ्या आकड्यावरून निघते. ज्याला तो दरसाल नेमाने गाठतो त्याची नोंद त्याने खोटी ठरत नाही. प्रत्येक मरगळीला रोग म्हणण्याच्या हल्लीच्या हौसेला मात्र त्याने आळा बसावा.

औषधे आहेतच, ब्युप्रोपिऑन या विषादावरील औषधाच्या एका प्रकाराला हिवाळी विषाद आधीच रोखण्यासाठी २००६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पण सर्वांत लक्षणीय काम व्हर्मॉंट विद्यापीठातील केली रोहन यांचे आहे. त्यांनी १७७ रुग्णांपैकी काहींना दिवा दिला आणि काहींना विचार व वर्तन यांवर आधारलेला उपचार, गटात, आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे. “आता मार्चपर्यंत माझे काही खरे नाही,” हा विचार पकडायचा, तो तपासायचा, आणि घराबाहेर पडण्याची कामे हिवाळ्यातही नेटाने आखायची, असे त्याचे स्वरूप. त्या हिवाळ्यात दोन्ही गट सारखेच सुधारले. त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात विषाद परतला तो दिव्याच्या गटात ४५.६ टक्क्यांना आणि विचारांच्या गटात २७.३ टक्क्यांना. दिवा रोज लावावा लागतो आणि माणसे कंटाळतात; शिकलेली युक्ती जवळ राहते. आपल्या लोकांना दिवा विकत घेणे सोपे जाते, चार परक्यांत बसून मनातले बोलणे जड जाते. तरी हे आकडे त्या संकोचापेक्षा वजनदार आहेत.

दिव्याला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, यात एक धोका आहे. ज्यांच्या विषादाला उन्मादाचीही बाजू असते, त्यांना सकाळचा प्रखर उजेड उलट भडकवू शकतो. अशा रुग्णांना शिकागोच्याच नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील डोरोथी सिट यांनी दुपारी ७,००० लक्सचा उजेड, नेहमीच्या औषधांच्या जोडीला, देऊन पाहिला आणि २०१८ मध्ये चांगला गुण आल्याचे कळविले. डोळ्यांचा विकार असणाऱ्यांनी आणि त्वचा किंवा डोळे उजेडाला हळवे करणारी औषधे घेणाऱ्यांनीही आधी विचारून घ्यावे. हे विचारणे जानेवारीत, अंथरुणातून उठवत नसताना, होत नाही. मागल्या दोन हिवाळ्यांचा अनुभव असेल त्याने ऑक्टोबरातच डॉक्टरची वेळ ठरवावी. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात आला, तर मात्र महिना, तारीख, वेळ काही न पाहता अमेरिकेत ९८८ आणि भारतात १४४१६ हा क्रमांक फिरवावा.