कड्यातील दफनविधी : तोराजा समाजाची परंपरा

उद्दिष्टे
या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला तोराजा समाजातील कड्यातील दफनाचे स्वरूप सांगता येईल आणि ‘संक्रमणविधी’ या संकल्पनेच्या आधारे त्याचा अर्थ स्पष्ट करता येईल.

1. प्रास्ताविक
अंत्यविधींचा अभ्यास करताना मृतदेहाचे काय केले जाते, याकडेच बहुधा आपले लक्ष जाते. दहन, दफन, जलसमर्पण ही वर्गवारी त्यातूनच आली आहे. ही वर्गवारी विधीचा शेवट सांगते. त्यामागील विचार मात्र सांगत नाही. इंडोनेशियातील सुलावेसी बेटाच्या डोंगराळ भागात राहणाऱ्या तोराजा समाजाची परंपरा पाहिली, म्हणजे हा फरक ध्यानात येतो.

2. दफनाचे प्रकार
रांतेपाओ या गावाच्या परिसरात चुनखडीचे उभे कडे आहेत. तेथे दफनाचे तीन प्रकार आढळतात. पहिला प्रकार जुना आहे. त्यात ‘एरोंग’ नावाच्या कोरीव लाकडी शवपेट्या कड्यात ठोकलेल्या तुळयांवर ठेवल्या जात. होडी, रेडा वा डुक्कर असा त्यांचा आकार असे. केते केसू येथे त्यांचे अवशेष आहेत. दुसऱ्या प्रकारात लोंडा येथल्यासारख्या नैसर्गिक गुहांचा उपयोग होतो. तिसरा प्रकार म्हणजे ‘लिआंग’, अर्थात कड्यात छिन्नीने खोदलेला दफनकक्ष. त्याचे तोंड अरुंद असते व आत एकाच कुटुंबातील अनेकांना ठेवता येते. लेमो येथील कडा अशा कक्षांसाठी प्रसिद्ध आहे.

कडा का निवडला, याची दोन व्यावहारिक कारणे सांगितली जातात. मृतासोबत ठेवलेल्या मौल्यवान वस्तू उंचावर सुरक्षित राहतात आणि भातशेतीची जमीन दफनासाठी अडत नाही.

3. मृत्यू : क्षण नव्हे, प्रवास
आर्नोल्ड व्हॅन गेनेप या अभ्यासकाने 1909 मध्ये संक्रमणविधींच्या तीन अवस्था सांगितल्या : विलगीकरण, संक्रमण आणि पुनःसमावेश. तोराजा समाजात यांपैकी मधली अवस्था विलक्षण दीर्घ असते. श्वास थांबला तरी व्यक्तीला लगेच मृत मानत नाहीत. तिला ‘तो माकुला’, म्हणजे आजारी माणूस, असे म्हणतात. देह घरातच ठेवतात, त्याच्यापुढे अन्न ठेवतात, त्याच्याशी बोलतात. ‘रांबू सोलो’ हा मोठा अंत्यविधी करण्याइतका पैसा जमेपर्यंत आणि दूरचे नातलग येईपर्यंत महिने, कधी वर्षेही जातात.

या विधीत रेड्यांचा बळी देतात. रेड्याच्या साहाय्याने आत्मा ‘पुया’ या परलोकी पोहोचतो, अशी श्रद्धा आहे. मांसाचे वाटप नाते व प्रतिष्ठा यांनुसार होते. आणलेल्या जनावरांची परतफेड पुढे त्या त्या कुटुंबातील अंत्यविधीत करावी लागते. म्हणजे एका मृत्यूच्या निमित्ताने कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या परस्परांशी बांधली जातात. यानंतरच देह कड्यात जातो. कडा हा या प्रवासाचा अखेरचा टप्पा होय.

4. ताउताउ
‘ताउ’ म्हणजे माणूस. उच्चकुलीन मृतांची ‘ताउताउ’ ही प्रतिमा परंपरेने फणसाच्या लाकडातून कोरली जाते. लेमोच्या कड्यावर खोदलेल्या सज्जांत या प्रतिमा रांगेने उभ्या असतात. काळाच्या ओघात त्यांची वस्त्रे बदलली जातात. पूर्वज तेथून वंशजांकडे पाहतात, अशी भावना यामागे आहे. मृत व्यक्ती समाजातून नाहीशी होत नाही. पूर्वज म्हणून ती पुन्हा समाजात येते. हाच व्हॅन गेनेप यांचा ‘पुनःसमावेश’ होय.

5. श्रद्धा आणि बाजार
1913 पासून डच मिशनरी या प्रदेशात आले आणि आज बहुसंख्य तोराजा ख्रिस्ती आहेत. तरीही रांबू सोलो टिकून आहे, कारण त्यात धर्माइतकेच नातेसंबंधही गुंतलेले आहेत.

याहून मोठा आघात कलावस्तूंच्या बाजाराने केला. पर्यटन वाढले, ताउताउंना परदेशी संग्राहकांकडून मागणी आली आणि विशेषतः 1980 च्या दशकात त्यांच्या चोऱ्या झाल्या. चोरांपासून रक्षण व्हावे म्हणून निवडलेला कडाच असुरक्षित ठरला. अनेक कुटुंबांनी उरलेल्या प्रतिमा खाली उतरवून घरी नेल्या. काही ठिकाणी त्या लोखंडी गजांआड ठेवाव्या लागल्या. संग्राहकाच्या दृष्टीने जे काष्ठशिल्प, ते कुटुंबाच्या दृष्टीने आजोबा किंवा आजी असते. वस्तू तीच राहते. विधीपासून तोडल्यावर तिचा अर्थ मात्र उरत नाही.

6. समारोप
कड्यातील दफन हे केवळ देहाच्या विल्हेवाटीचे तंत्र नाही. जिवंत आणि मृत यांच्यातील नाते नव्याने मांडणाऱ्या दीर्घ विधीचा तो शेवट आहे. लोकसंस्कृतीच्या अभ्यासकाने वस्तू, विधी आणि नातेसंबंध यांचा एकत्रित विचार करावा, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
1. ‘तो माकुला’ ही अवस्था व्हॅन गेनेप यांच्या कोणत्या टप्प्याशी जुळते? का?
2. ताउताउची चोरी ही केवळ मालमत्तेची हानी का ठरत नाही, ते स्पष्ट करा.
3. आपल्या परिसरातील एखाद्या अंत्यविधीत वरील तीन अवस्था कशा दिसतात, याची टिपणे काढा.