युरियाचे औद्योगिक उत्पादन आणि अपरिवर्तित द्रव्यांची पुनर्प्राप्ती

फ्रेडरिक व्होलर यांनी १८२८ मध्ये अमोनियम सायनेटपासून युरिया तयार केला, हे रसायनशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असते. औद्योगिक युरियाचा मार्ग मात्र निराळा आहे. बॉश व मायझर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत अमोनिया व कार्बन डायऑक्साइड यांच्या संयोगातून प्रथम अमोनियम कार्बामेट बनते आणि त्यातून पाणी वेगळे होऊन युरिया मिळतो. पाठ्यपुस्तके बहुधा ही दोन समीकरणे देऊन थांबतात. कारखान्यातील यंत्रसामग्रीचा मोठा भाग मात्र अभिक्रिया न झालेली द्रव्ये परत मिळविण्यासाठीच उभारलेला असतो.

पहिली अभिक्रिया वेगवान व उष्मादायी असून दुसरी संथ, उष्माग्राही व अपूर्ण राहणारी आहे. सुमारे १८० ते १९० अंश सेल्सिअस तापमान व १४० ते १५० बार दाब असतानाही एका फेरीत साधारण ६० टक्के कार्बन डायऑक्साइडचेच युरियात रूपांतर होते. समतोल उजवीकडे झुकावा म्हणून अमोनिया जादा प्रमाणात घेतात. रेणूंचे प्रमाण ३ : १ धरल्यास एक टन युरियासाठी सुमारे १.४२ टन अमोनिया आत जातो, त्यापैकी ०.५७ टनच वापरला जातो आणि ०.८५ टन तसाच बाहेर येतो. अमोनिया तयार करण्यास लागणारा नैसर्गिक वायू व ऊर्जा लक्षात घेता हे द्रव्य सोडून देणे कोणासही परवडणारे नाही.

मग बाहेर आलेले वायू पुन्हा दाबून आत का पाठवू नयेत? अडचण अशी की हे दोन वायू थंड होताच परस्परांशी संयोग पावून घन कार्बामेट बनते व संपीडक तुंबतो. म्हणून ते पाण्यात शोषून द्रावण पंपाने परत पाठविले जाते. परंतु पाणी हे युरियाबरोबरच निर्माण होणारे द्रव्य. ले शाटेलिए यांच्या तत्त्वानुसार ते आत गेले की रूपांतर घटते. पुनर्प्राप्तीचाच हा दंड म्हणावा लागेल.

यावरचा तोडगा म्हणजे ‘स्ट्रिपिंग’. वाफेने तापविलेल्या उभ्या नळ्यांच्या आतल्या बाजूने द्रावण पातळ थराने खाली उतरते व कार्बन डायऑक्साइड खालून वर चढतो. अमोनियाचा आंशिक दाब घटल्याने मुख्य दाब कमी न करताच कार्बामेटचे विघटन होते. मुक्त झालेले वायू उच्चदाबाच्या संघनकात पुन्हा कार्बामेट होतात आणि त्या उष्णतेवर कमी दाबाची वाफ मिळते. स्टॅमिकार्बनची पद्धत या तत्त्वावर आहे. स्नॅमप्रोगेटी पद्धतीत हेच काम जादा अमोनिया करतो. रायगड जिल्ह्यातील थळच्या युरिया प्रकल्पात ही दुसरी पद्धत आहे.

उष्ण कार्बामेट पोलादास झपाट्याने खाते. त्यामुळे वायूंत थोडी हवा मिसळून स्टेनलेस स्टीलवर संरक्षक ऑक्साइडचा थर टिकविला जातो. शिवाय द्रावण अधिक काळ तापत राहिल्यास युरियाचे दोन रेणू जुळून पिकांस अपायकारक असे बाययुरेट तयार होते. म्हणून बाष्पीभवन निर्वातात व शक्य तितक्या अल्पावधीत उरकतात.

प्रत्येक टनामागे अभिक्रियेतूनच सुमारे ३०० किलो पाणी निघते. त्यात अमोनिया व युरियाचा अंश असतो. ते तसेच नाल्यात सोडल्यास मासे मरतात. जलअपघटकात उच्च तापमानाला त्या युरियाचे पुन्हा अमोनिया व कार्बन डायऑक्साइड करतात, हे वायू उत्पादनचक्रात परततात आणि शुद्ध झालेले पाणी बाष्पित्रासाठी वापरता येते.