युगांडा : शंभरातले तेरा

पुस्तकं, खडू-फळे, डागडुजी अशा खर्चासाठी युगांडाचं सरकार प्राथमिक शाळांना दरडोई अनुदान देत असे. कागदावर तरतूद वाढत गेली, पटसंख्या मात्र हलेना. म्हणून १९९६ मध्ये सुमारे २५० शाळांचे हिशेब तपासण्यात आले. १९९१ ते १९९५ या काळात या अनुदानातले सरासरी अवघे १३ टक्केच शाळांपर्यंत पोचले होते. निम्म्याहून अधिक शाळांच्या हाती तर काहीच पडलं नव्हतं! बाकीचा पैसा जिल्हा पातळीवरच मुरला. सगळ्यात संतापजनक बाब म्हणजे सधन पालकांच्या शाळा भांडून थोडंफार मिळवत. गरिबांच्या शाळांना आपला हक्क किती, याचीच कल्पना नव्हती.

मग सरकारने जिल्ह्यांना पाठवलेल्या रकमा वृत्तपत्रांत छापायला सुरुवात केली. शाळांनाही मिळालेली रक्कम फलकावर लावण्याची सक्ती झाली. २००१ पर्यंत शाळांना ८० टक्क्यांहून अधिक अनुदान मिळू लागलं. याच काळात इतर आर्थिक सुधारणाही झाल्या, त्यामुळे सगळं श्रेय वृत्तपत्रांचं नव्हे. तरी वृत्तपत्रविक्रीच्या ठिकाणाजवळच्या शाळांची स्थिती अधिक सुधारली, हे लक्षात घ्यायला हवं.

१९९७ मध्ये प्राथमिक शिक्षणाची फी माफ झाली आणि पटसंख्या वर्षभरात सुमारे ३० लाखांवरून ५० लाखांपलीकडे गेली. शिक्षक आणि वर्गखोल्या त्या वेगाने वाढल्या नाहीत; एकेका वर्गात शंभरावर मुलं बसू लागली. अनुदानाची गळती बरीच कमी झाली, पण एवढ्या मुलांना नीट शिकवण्याइतका पैसा मुळात दिलाच गेला नव्हता.