बोलणी कोणाशी आणि कशाच्या बळावर?

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला २६ माणसे मारली गेली. त्यानंतरच्या रविवारी आमच्या नाशिकच्या अभ्यासवर्गात ठरलेला विषय तसाच राहिला. सगळी चर्चा एका प्रश्नावर आली : शत्रुराष्ट्राच्या सरकारशी बोलावे काय? बहुतेक तरुणांचे उत्तर तयार होते. बोलू नये. एकाने तर म्हटले, "बोलणे म्हणजे नमणे." मागच्या ओळीत बसलेल्या एका शिक्षिकेने शांतपणे विचारले, "मग बाबासाहेब १९३० साली लंडनला कशाला गेले होते?"

वर्ग गप्प झाला. त्या गप्प बसण्यातून हा लेख लिहावा असे वाटले. कारण परक्या, वैरी सरकारशी बोलणी करावीत की नाहीत हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. आपण तो ह्याच शहरात, ह्याच गोदाकाठी एकदा सोडवून बसलेलो आहोत. फक्त त्याची उजळणी करीत नाही.

इंग्रज सरकार आपले मित्र होते, असा एक समज प्रस्थापितांनी पसरवला आणि आपल्यातल्याही काहींनी तो मुकाट्याने मान्य केला. वस्तुस्थिती काय होती? ज्या महारांच्या बळावर कंपनीने लढाया मारल्या, त्यांना ह्याच सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सैन्यभरतीची दारे बंद केली. पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली केला, पण त्याची अंमलबजावणी करून घ्यायला १९२७ साली महाडला माणसांनाच चालत जावे लागले. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. मैलभर लांबीची मिरवणूक मंदिरापाशी आली तेव्हा दरवाजे बंद होते आणि दाराशी सरकारचे पोलीस उभे होते. दुसऱ्या दिवशी १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया अशी पहिली तुकडी दारांपुढे बसली. सरकारी बंदोबस्ताचा अर्थ एवढाच की, जे बंद आहे ते बंदच राहील.

हे सरकार परके होते आणि आपल्या प्रश्नापुरते वैरीही होते. तरी त्याच वर्षी बाबासाहेब त्याच्याशी बोलायला गेले. त्याआधी ऑक्टोबर १९२८ मध्ये, काँग्रेसने बहिष्कार टाकलेल्या सायमन कमिशनपुढे पुण्यात त्यांनी साक्ष दिली होती. पहिल्या गोलमेज परिषदेवरही काँग्रेसचा बहिष्कार होता. जो बोलायला जाईल तो देशद्रोही, अशी हवा तापलेली. पुढे गंमत अशी झाली की, ५ मार्च १९३१ रोजी गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विन यांच्याशी करार केला आणि ते स्वतः दुसऱ्या गोलमेज परिषदेला गेले. त्यांच्या जाण्याला कोणी देशद्रोह म्हटले नाही. बोलणी पवित्र की अपवित्र हे पुष्कळदा बोलणारा कोण यावरून ठरते. आपल्याकडे तर ते जातीवरूनही ठरते.

पण नुसते "तेही गेले, आम्हीही गेलो" असे म्हणून भागणार नाही. बाबासाहेब गेले कसे, ते पाहिले पाहिजे. ते रिकाम्या हाताने गेले नाहीत. मागे नाशिकचा सत्याग्रह चालू होता आणि तो चालू ठेवायला भाऊराव कृष्णराव तथा दादासाहेब गायकवाड येथे पाय रोवून होते. ऑगस्ट १९३० मध्ये नागपूरला भरलेल्या अस्पृश्यांच्या अखिल भारतीय परिषदेत बाबासाहेबांनी अध्यक्ष म्हणून आपली भूमिका जाहीरपणे मांडली होती. म्हणजे आपण काय मागणार हे लंडनला कळण्याआधी आपल्या माणसांना कळले होते. आणि तेथे गेल्यावर त्यांनी यजमानांची आरती ओवाळली नाही. तुमच्या राज्यापूर्वी आम्हांला विहिरीवर पाणी भरता येत नव्हते. तुम्ही ते मिळवून दिले काय? देवळात जाता येत नव्हते. आज येते काय? पोलिसांत, सैन्यात घेत नव्हते. तुम्ही घेता काय? अशा आशयाचे प्रश्न त्यांनी ब्रिटिश मुत्सद्द्यांना तोंडावर विचारले आणि लोकांचे राज्य मागितले. रेट्टमलै श्रीनिवासन यांच्यासह त्यांनी हक्कांचे लेखी निवेदन दिले. त्यात सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवा अशी मागणी होती आणि त्यासाठी ब्रह्मदेशातल्या कायद्याचा आधार घेतला होता. वैऱ्याच्या मेजावर ठेवलेला हा कागद किती नेमका होता ते यावरून समजावे : महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा झाला तो २०१६ साली, आपल्याच सरकारकडून.

आता आक्षेपही ऐकला पाहिजे. इंग्रजांनी आपल्याला मेजाशी बसवले ते स्वराज्याची मागणी दुबळी करण्यासाठी, असे म्हणतात. हे पूर्ण खोटे आहे असे मला म्हणवत नाही. यजमान आपल्या सोयीशिवाय कोणाला जेवायला बोलावीत नाही. प्रश्न आपण त्याच्या सोयीचे बोलतो की आपल्या गरजेचे, हा आहे. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्याने जे स्वतंत्र मतदारसंघ परक्या सरकारकडून मिळाले, ते पाचच आठवड्यांनी, २४ सप्टेंबरला, येरवड्यातल्या उपोषणाच्या दडपणाखाली स्वकीयांपुढे सोडून द्यावे लागले. त्या बदल्यात प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा आल्या. वैऱ्याशी झालेल्या बोलण्यांत तोटा झाला नाही. तो घरच्या बोलण्यांत झाला.

आता रथाची गोष्ट. ९ एप्रिल १९३० च्या रथयात्रेसाठी नाशिकमध्ये सत्याग्रही आणि सनातनी यांच्यात तडजोड झाली होती. दोन्ही बाजूंच्या निवडक धट्ट्याकट्ट्या माणसांनी मिळून रामाचा रथ ओढायचा, असे ठरले. ऐन वेळी सनातन्यांनी दगा दिला, रथ पळवला आणि आपल्या लोकांवर दगडांचा वर्षाव झाला. फेब्रुवारी १९९९ मध्ये लाहोरला जाहीरनाम्यावर सह्या झाल्या आणि काही महिन्यांतच कारगिलची लढाई झाली, तेव्हा देशाला जो धक्का बसला, त्याची चव नाशिकच्या दलितांनी एकोणसत्तर वर्षे आधी घेतली होती.

मग रथाच्या दग्यावरून कोणता निष्कर्ष काढायचा? दगा देणाऱ्याशी कधीच बोलू नये, हा निष्कर्ष सोपा आहे; पण बाबासाहेबांनी तो काढला नाही. रथाची तडजोड मोडली कारण ती पाळली जावी म्हणून त्या तडजोडीत काहीच नव्हते. मोडणाऱ्याला किंमत मोजावी लागणार नव्हती. शब्द होता, शब्दामागे बळ नव्हते. सत्याग्रह पुढे चालूच राहिला. नंतर ३ मार्च १९३४ रोजी बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्र लिहून मंदिरप्रवेशावर शक्ती खर्च करणे थांबवावे असे कळवले. मंदिराचा लढा मूर्तीसाठी नव्हता, आपल्या माणसांना जागे करण्यासाठी होता. आता शिक्षण आणि राजकारण यांकडे वळावे, असा त्याचा आशय. पुढच्या वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, ह्याच जिल्ह्यातल्या येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली.

हा माझ्या मते सगळ्या प्रश्नाचा गाभा आहे. पुजाऱ्यांशी बोलणे त्यांनी सोडले, इंग्रजांशी सोडले नाही. इंग्रज पुजाऱ्यांपेक्षा सज्जन होते म्हणून नव्हे. आपल्याला हवी असलेली वस्तू, म्हणजे राज्यघटनेतले हक्क, ती त्या वेळी इंग्रजांच्या हाती होती. पुजाऱ्यांच्या हाती जे होते ते मागण्यात आता अर्थ उरला नव्हता. ज्याच्या हाती आपली वस्तू आहे त्याच्याशी बोलावेच लागते. त्याचा मैत्रीशी संबंध नाही.

कोणी विचारील, मग स्वातंत्र्यानंतर बाबासाहेबांनी नेहरूंच्या परराष्ट्र धोरणावर एवढी कठोर टीका का केली? ती टीका वाचली तर विरोध दिसत नाही, सातत्यच दिसते. ऑक्टोबर १९५१ मध्ये मंत्रिमंडळातून बाहेर पडताना दिलेल्या कारणांत परराष्ट्र धोरण हेही एक कारण होते. ३५० कोटींच्या उत्पन्नातले १८० कोटी रुपये सैन्यावर जातात आणि अडचणीत मदतीला येईल असा मित्र नाही, ही त्यांची तक्रार होती. काश्मीरच्या बाबतीत ते फाळणीने प्रश्न संपवावा या मताचे होते. म्हणजे वैर कायम ठेवून खर्च वाढवण्यापेक्षा काहीतरी ठरवून मोकळे व्हा, असे ते सांगत होते. २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत ते पंचशीलावर बोलले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये चीनशी तिबेटविषयी करार झाला होता; त्यात यातुंग व ग्यान्त्से येथील लष्करी तुकड्या, तार-टपालाच्या सोयी असे जे काही आपल्याकडे होते ते आपण सोडले आणि त्या बदल्यात पाच सुंदर तत्त्वे घेतली. माओंचा या तत्त्वांवर विश्वास नाही, असे बाबासाहेबांनी स्पष्ट म्हटले. १९६२ कडे बोट दाखवून त्यांना भविष्यवेत्ते ठरवण्याची आपल्याला गरज नाही, आणि त्यांचा पाश्चात्त्य राष्ट्रांकडचा कल आज प्रत्येकाला पटेल असेही नाही. पण चीनशी बोलू नका असे ते म्हणत नव्हते. देताना काय घेतले, हे विचारत होते. रथाचा करार त्यांनी पाहिलेला होता.

१९५७ साली दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेवर निवडून गेले. सहा वर्षांनी, १९६३ मध्ये, त्याच जागेवर यशवंतराव चव्हाण बिनविरोध आले. चीनच्या युद्धानंतर ते संरक्षणमंत्री झालेले होते. त्याच सुमारास शेजारी ओझरला मिग विमानांचा कारखाना उभा राहिला. पण हेच नाशिकचे खासदार जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला पाकिस्तानशी बोलणी करणाऱ्या शिष्टमंडळात होते. पुढे परराष्ट्रमंत्री असताना ३१ डिसेंबर १९७४ रोजी त्यांनी पोर्तुगालशी करार केला. ज्या पोर्तुगालने १९५० पासून गोव्याविषयी बोलायलाच नकार दिला, आणि ज्याच्या सैनिकांनी १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, तोच पोर्तुगाल. १९६१ मध्ये गोवा मोकळा झाला होता, लिस्बनमधली हुकूमशाही १९७४ मध्ये कोसळली होती. न बोलणाऱ्याचे काय होते, ह्याचे हे चांगले उदाहरण आहे. सालाझार बोलला असता तर पोर्तुगालला काही अटी मिळाल्या असत्या. न बोलल्याने उरली ती फक्त कबुली.

चीनशी १९६१ पासून राजदूत नव्हता. पण वकिलात १९६२ च्या युद्धातही बंद झाली नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९७६ मध्ये, चव्हाण परराष्ट्रमंत्री असतानाच, पंधरा वर्षांनी राजदूत पाठवायचे ठरले. पेकिंगला गेले ते के. आर. नारायणन. केरळातल्या उळवूर गावच्या गरीब दलित घरातला, मैलोन्‌मैल चालत शाळेत जाणारा, फी थकली म्हणून वर्गाबाहेर उभा राहिलेला मुलगा. देशाने आपला सर्वांत अवघड निरोप त्यांच्या हाती दिला. अशी उदाहरणे किती, हा प्रश्न आपल्या मुलांनी परराष्ट्र सेवेच्या परीक्षेकडे पाहताना स्वतःला विचारावा.

आणि मेज नाकारणाऱ्यांचेही बोलणे थांबत नाही. मे २०२५ मध्ये चार दिवस क्षेपणास्त्रे चालली. १० मे रोजी दुपारी दोन्ही देशांच्या लष्करी कारवाई प्रमुखांचे दूरध्वनीवर बोलणे झाले आणि संध्याकाळी पाचपासून मारा थांबवायचे ठरले. गलवानमध्ये जून २०२० ला २० भारतीय सैनिक मेले. त्यानंतर लष्करी अधिकाऱ्यांच्या बैठकांमागून बैठका होऊन ऑक्टोबर २०२४ मध्ये गस्तीविषयी समझोता झाला. बोलणी होतातच. ती आपल्या डोळ्यांदेखत होतात की पडद्याआड, एवढाच फरक.

येथे विद्यार्थ्यांनी आपली घटनाही पाहावी. परराष्ट्रांशी करार करणे हा केंद्र सरकारचा अधिकार आहे. त्यासाठी संसदेची आधी मंजुरी घ्यावीच लागते असे नाही. भूभाग द्यायचा असेल तर मात्र घटनादुरुस्ती लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली बेरूबारी प्रकरणात सांगितले. म्हणून "बोला" किंवा "बोलू नका" अशा घोषणा देण्यापेक्षा, काय मागणार आणि काय देणार हे संसदेत ठेवा, ही मागणी चळवळीला अधिक शोभेल. नागपूरच्या परिषदेत आपण तेच केले होते.

युद्धाचा आणि अबोल्याचा खर्च कोण भरतो हेही त्या वर्गात निघाले. महार रेजिमेंट १९४१ मध्ये उभी राहिली. तिच्यातून परत न आलेल्यांची घरे ह्या जिल्ह्यातही आहेत. पिंपळगाव बसवंतच्या बाजारातला टोमॅटो एके काळी वाघामार्गे पलीकडे जात असे. तो थांबला तेव्हा बागाईतदाराचा भाव पडला, आणि तोडणीला जाणाऱ्या भूमिहीन बायांचा रोजच बुडाला. "बोलणे म्हणजे नमणे" म्हणणाऱ्या त्या तरुणाची आई तोडणीला जाते. त्याने पुढच्या रविवारी १९३० चे ते लेखी निवेदन वर्गात वाचून दाखवायचे कबूल केले आहे.