माइल्सची पुरचुंडी

मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत उभं राहिलं की आपल्याकडे तीन विषय हमखास निघतात: मुलांची कॉलेजं, आपले गुडघे आणि विमानाचे माइल्स. पहिल्या दोन विषयांत मी फक्त ऐकतो. तिसऱ्यावर मात्र माझा थोडा अधिकार आहे असं मला वाटतं. एक तर मी जवळजवळ चाळीस वर्षं ऑपरेशन्स रिसर्च शिकवलं आणि त्या अभ्यासक्रमात विमानातल्या रिकाम्या खुर्चीचं गणित दरवर्षी यायचं. दुसरं म्हणजे साठवलेल्या माइल्सवर मी आयुष्यात एकदा, एकदाच, शिकागोहून मुंबईला फर्स्ट क्लासने गेलो. कसा गेलो हे कुणी विचारलं की मी आजवर शॅम्पेन आणि गादीबद्दल सांगून वेळ मारून नेत आलो. यंदा संपादकांनी लिहाच म्हटलं, म्हणून बाकीचंही सांगतो.

आधी खुर्चीचं गणित. मंडईत संध्याकाळी कोथिंबिरीच्या जुड्या निम्म्या भावाला निघतात, कारण सकाळपर्यंत त्या सुकणार असतात. विमानातली खुर्ची त्याहून नाशवंत. दार बंद झालं की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य. मग ती आज स्वस्तात विकावी, की शेवटच्या दिवशी धावत येऊन चौपट पैसे मोजणाऱ्या प्रवाशासाठी राखून ठेवावी? बीओएसी या ब्रिटिश कंपनीतल्या केन लिटलवुड यांनी १९७२ मध्ये याचा साधा नियम मांडला. महाग गिऱ्हाईक येण्याची शक्यता गुणिले महाग भाडं, हा आकडा स्वस्त भाड्यापेक्षा मोठा असेल तोवर थांबायचं. लहान झाला की विकून मोकळं व्हायचं. हा नियम मी फळ्यावर किती वेळा लिहिला असेल याची गणती नाही. तो पुढे एके दिवशी माझ्याच अंगावर येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

अमेरिकेत १९७८ साली विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं आणि कंपन्यांमध्ये गिऱ्हाइकांची पळवापळवी सुरू झाली. अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी आपली माइल्सची योजना आणली, युनायटेडने काही दिवसांतच स्वतःची. कल्पना झकास होती. जी खुर्ची तशीही रिकामी जाणार, तीच नेहमीच्या गिऱ्हाइकाला बक्षीस द्यायची. कंपनीचा खर्च जवळजवळ नाही आणि गिऱ्हाईक आयुष्यभर बांधलेलं.

पुढे बँका यात शिरल्या आणि विमानात न बसताही माइल्स मिळू लागले. यातला सगळ्यात मोठा पराक्रम माझ्या मते १९९९ साली कॅलिफोर्नियातल्या एका इंजिनीअरने केला. एका खाद्यपदार्थाच्या कंपनीने वेष्टनावरच्या पट्ट्या पाठवल्या की माइल्स देण्याची योजना काढली होती. याने दुकानांतून पुडिंगचे १२,१५० कप उचलले. एक कप पंचवीस सेंटचा. साधारण तीन हजार डॉलर खर्चून त्याने साडेबारा लाख माइल्स मिळवले. पट्ट्या सोलायला माणसं हवी होती, तर पुडिंग एका धर्मादाय संस्थेला दान करून तिथल्या स्वयंसेवकांकडून ते काम करून घेतलं आणि दानाची करसवलतही घेतली! हा गृहस्थ पुण्यात, निदान सदाशिव पेठेत, जन्माला कसा आला नाही याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

हे फुकट असतं असं मात्र कुणी समजू नये. कार्ड घासलं की दुकानदाराला दोन-तीन टक्के द्यावे लागतात, तो ते मालाच्या किमतीत घालतो आणि रोखीने घेणाराही तीच वाढीव किंमत मोजतो. बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये हिशेब मांडला होता. रोखीने व्यवहार करणाऱ्या कुटुंबाच्या खिशातून वर्षाला सरासरी १४९ डॉलर कार्डवाल्यांकडे जातात आणि कार्डवाल्या कुटुंबाला सरासरी १,१३३ डॉलर मिळतात. किराणा मालाचं दुकान चालवणारा माझा एक मित्र मला नेहमी म्हणतो, "प्रोफेसर, तुमच्या शॅम्पेनचे पैसे मी भरलेत." त्याला उत्तर देणं अवघड जातं.

मी स्वतः माइल्स साठवले ते आपल्या पिढीच्या सवयीने. आई डब्यात सुट्टे पैसे ठेवायची, मी खात्यात माइल्स ठेवत गेलो. परिषदांना जाताना एकाच कंपनीने जायचं, तीन तास जास्त लागले तरी. घराचं छप्पर बदललं तेही कार्डावर. बायको दर वर्षी म्हणायची, "अहो, वापरा की ते. माझे गुडघे काय दर वर्षी नवे येणार आहेत?" आणि मी दर वर्षी म्हणायचो, "अजून थोडे साठू देत. निवृत्त झालो की दोघं ऐटीत जाऊ." २०१४ मध्ये युनायटेडने युरोपच्या भागीदार कंपन्यांच्या फर्स्ट क्लासचा एका बाजूचा दर ६७,५०० वरून १,१०,००० वर नेला. बाकीच्यांचे दरही असेच सरकत होते. अशी चलनवाढ एखाद्या देशात झाली असती तर मी अग्रलेख लिहिला असता. पण आपल्या पुरचुंडीतली नाणी झिजत आहेत हे दिसत असूनही मी ती सोडली नाही.

जानेवारी २०१७. पहाटे अडीचला फोन वाजला. त्या वेळी वाजणारा फोन काय सांगतो हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. पुतण्या बोलत होता. दादाला हृदयविकाराचा झटका आला होता, तो अतिदक्षता विभागात होता, आणि डॉक्टर म्हणत होते की यायचं असेल तर बोलावून घ्या.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. टपाल खात्यात नोकरी. १९७३ साली माझ्या अमेरिकेच्या तिकिटासाठी त्याने प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढलं आणि ते फेडायला त्याला पाच वर्षं लागली. मी पैसे पाठवायला लागल्यावर त्याने त्यातून कर्ज फेडलं नाही, आईसाठी फ्रीज घेतला.

मी संगणकापुढे बसलो. त्या दिवशीच्या विमानांत माइल्सवरची इकॉनॉमीची एकही जागा नव्हती, बिझनेसचीही नव्हती. पैसे देऊन मिळणारी जागा दोन ठिकाणी थांबत तिसऱ्या दिवशी पोहोचवणार होती. आणि त्या यादीच्या तळाशी, दुपारच्या विमानाची शिकागो ते फ्रँकफर्ट ते मुंबई अशी लुफ्तान्साच्या फर्स्ट क्लासची एक जागा. १,४०,००० माइल्स आणि वर थोडे कराचे डॉलर. रोख घ्यायची तर पाच आकडी डॉलर पडले असते.

ती जागा तिथे का होती हे मला नेमकं माहीत होतं. त्या काळात लुफ्तान्सा भागीदार कंपन्यांच्या गिऱ्हाइकांना फर्स्ट क्लासची खुर्ची महिनोन्महिने दाखवतच नसे. सुटायला पंधरा-एक दिवस राहिले आणि पैसेवाला येण्याची आशा मावळली की मगच ती बाहेर काढत असे. लिटलवुडचा नियम. म्हणजे सुट्टीचे बेत वर्षभर आधी आखणाऱ्याला ती मिळायची नाही, पण पहाटे अडीचला फोन आलेल्याला मिळू शकत होती. मी तरीही दोन मिनिटं थांबलो. खोटं कशाला बोलू, मनात आलं की हे तर दोघांसाठी साठवलेले. बायको मागे उभी होती. तिने ओसीआय कार्ड आणि पासपोर्ट टेबलावर आणून ठेवले आणि म्हणाली, "दाबा ते बटण."

विमान ७४७-८. फर्स्ट क्लास त्याच्या नाकात असतो, फक्त आठ खुर्च्या. खुर्चीशेजारी एक लाल गुलाब. प्रत्येकाला स्वतःचं कपाट. पायजमा-सदरा देतात, तोही अंगाला येईल असा. कॅव्हिआर आलं, ते मी परत पाठवलं. नंतर मित्रांनी त्याबद्दल मला फार बोल लावले. मी सूप आणि पाव मागितला. हवाई सुंदरी, खरं तर माझ्या मुलीहून थोडी मोठी बाई, एकदा माझ्या चेहऱ्याकडे पाहून काहीही न विचारता निघून गेली आणि थोड्या वेळाने गादी घालून दिली. मी आडवा झालो. झोप लागणार नाही अशी खात्री होती. सहा तास झोपलो.

फ्रँकफर्टला पाच तास काढायचे होते. तिथल्या फर्स्ट क्लासच्या विश्रामकक्षात आंघोळीला चक्क टब असतो आणि त्यासोबत एक रबरी बदक देतात. जमवणारे लोक ही बदकं जमवतात म्हणे. घरी फोन केला. "स्थिती तशीच," पुतण्या म्हणाला. मग मी टबात बसलो. गरम पाण्यात, समोर पिवळं बदक. कर्ज काढून मला पाठवणारा माणूस तिकडे नळ्या लावून पडला आहे आणि मी इथे असा. त्या अर्ध्या तासाची लाज मला पुष्कळ दिवस पुरली. निघताना मर्सिडीजने विमानाच्या शिडीपर्यंत सोडलं. ड्रायव्हरने "सुट्टीला का?" असं विचारलं, मी हो म्हटलं.

१९८९ साली वडील गेले तेव्हाची गोष्ट सांगायला हवी. तेव्हा तीन विमानं बदलून, मधल्या खुर्चीत अवघडून, तिसऱ्या दिवशी पोहोचलो होतो. अंत्यदर्शन हुकलं ते हुकलंच, पण पुढच्या दिवसांत विधी चालू असताना मी बसल्या बसल्या झोपत होतो. काकांनी मला दोनदा हलवून जागं केलं. ते आठवलं की अजून कानशिलं तापतात.

या वेळी मुंबईला मध्यरात्रीनंतर उतरलो, टॅक्सीने एक्स्प्रेसवे गाठला आणि पहाटे पुण्यात हॉस्पिटलच्या दारात उभा राहिलो तेव्हा डोकं लख्ख होतं. पुतण्या दोन रात्री जागा होता. त्याला घरी पाठवलं. सातला डॉक्टर आले. बायपास करायची की स्टेंट घालून पाहायचं, वय ७७, मधुमेह, मूत्रपिंडं किती साथ देतील, हे सगळे प्रश्न मी एकेक करून विचारू शकलो, लिहून घेऊ शकलो, वहिनींना समजावून सांगू शकलो. स्टेंट घालायचं ठरलं. डॉक्टर कुशल होते, श्रेय त्यांचं. पण शुद्धीवर राहून ऐकणारं घरचं एक माणूस तिथे होतं.

चौथ्या दिवशी दादा बोलू लागला. पहिला प्रश्न, "रजा कोणी दिली तुला?" मी निवृत्त आहे हे तो विसरला होता. दुसरा, "तिकीट केवढ्याला पडलं?" हा प्रश्न तो १९७३ पासून प्रत्येक वेळी विचारत आला होता. मी सांगितलं की फुकट, फर्स्ट क्लासने. त्याला वाटलं मी त्याचं मन रमवतोय. मग मी पिशवीतून बदक काढलं. त्याने ते हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं, दाबून पाहिलं, आणि म्हणाला, "एवढ्या भाड्यात हे एकच दिलं?" नर्स धावत आली, कारण हसताना मॉनिटर वाजायला लागला.

पुढची दोन वर्षं माझा एकच धोशा: दादा, तू इकडे ये, मी तुला त्याच खुर्चीतून आणतो. तो आज व्हिसाचं कारण सांगे, उद्या वहिनींच्या मोतीबिंदूचं. नोव्हेंबर २०१९ पासून युनायटेडने दरांचा तक्ताच काढून टाकला. खुर्चीचा भाव त्या त्या दिवशी ठरणार. तरी मी नव्याने साठवत होतो. २०२० च्या मार्चमध्ये दादाने पासपोर्टचे फोटो काढून घेतले. २३ मार्चपासून भारताने आंतरराष्ट्रीय विमानं बंद केली. मेमध्ये तो गेला, हृदयानेच. पुतण्याने फोन हातात धरून दाखवलं तेवढं पाहिलं. माझ्या खात्यात तेव्हा दोन लाखांच्या वर माइल्स होते. त्याच सुमारास वाचलं की युनायटेडने आपली माइल्सची योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. एरवी या बातमीवर मी वर्गात एक तास बोललो असतो.

आता थोडं कामाचं. अनेक कंपन्यांच्या अटींत माइल्स ही तुमची मालमत्ता नाही असं स्पष्ट लिहिलेलं असतं. भाव केव्हाही बदलतो आणि वारसाला ते मिळतीलच असं नाही. काही कंपन्या कागदपत्रं पाहून देतात, काही नाही. मी खात्याचा क्रमांक आणि पासवर्ड बायकोच्या वहीत, धोब्याच्या हिशेबाच्या पानामागे, लिहून ठेवला आहे. एका माणसाच्या तातडीच्या प्रवासाला पुरतील एवढे माइल्स कायम शिल्लक ठेवतो. त्यावरचे साठू देत नाही.

गेल्या डिसेंबरात त्या वरच्या माइल्सवर आम्ही दोघं पुण्याला गेलो. बिझनेस क्लास, फर्स्ट नाही. बायकोने गादीवर पाय पसरले आणि उतरेपर्यंत कुणाशी बोलली नाही. कळवलं नव्हतं. वहिनींनी दार उघडलं आणि आम्हाला दोघांना पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"काय झालं?"

"काही नाही वहिनी, सहज आलो."

त्यांनी आमच्या मागे जिन्यात पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. "खरं सांगा."

"खरंच सहज."

टीव्हीच्या कपाटावर दादाच्या फोटोशेजारी बदक होतं, रंग जरा उडालेला. वहिनींनी चहा टाकला. कप हातात देईपर्यंत त्यांनी आणखी दोनदा विचारलं.